ज्वालामुखीच्या अंतर्भागाची कागदी प्रतिकृती आणि आपल्या पायाखालचा खडक

भूगोलाच्या अध्यापनात ज्वालामुखीच्या प्रतिकृतीइतके लोकप्रिय साधन क्वचितच दुसरे असेल. वरच्या वर्गांतील मुले पुठ्ठ्याचा शंकू करतात, त्यास तांबडा-काळा रंग देतात, शिखराशी खाच ठेवतात, आणि प्रदर्शनाच्या दिवशी ती प्रतिकृती मेजाच्या मध्यभागी विराजमान होते. मुलांच्या हातांस काम मिळते व पाठ त्यांच्या ध्यानात राहतो, हा लाभ थोडा नव्हे. तथापि या एकाच प्रतिकृतीवर थांबल्यास महाराष्ट्रातील मुलांच्या मनात एक मोठा गैरसमज रुजतो. माझ्या हातूनच तो रुजविला गेला होता, म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतो.

येरवडा येथे अध्यापन करीत असताना मी सातवीच्या मुलांकडून असा शंकू करवून घेतला होता. पाठ संपल्यावर खाणीत दगड फोडणाऱ्या एका वडाराचा मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, आपल्या तारकेश्वराच्या टेकडीचा दगड ज्वालामुखीचा, असं तुम्ही सांगितलंत. मग टेकडीला तोंड कुठं आहे?" प्रश्न अत्यंत मार्मिक होता. मला उत्तर ठाऊक नव्हते, परंतु तसे म्हणण्याचे धैर्य झाले नाही. "ते केव्हाच बुजून गेले," असे सांगून मी मोकळा झालो. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भीषण भूकंप झाला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्या मुलाचे वडील शाळेत आले. "गुरुजी, पोरगं रात्री झोपत नाही. टेकडीचं बुजलेलं तोंड उघडंल म्हणतंय. खरं का?" असे त्यांनी विचारले. माझ्या एका निष्काळजी वाक्याने एक मूल रात्रभर जागत होते. त्या दिवसापासून मी एकाऐवजी दोन प्रतिकृती करवून घेऊ लागलो. त्यांची कृती व त्यांमागील विचार पुढे देत आहे.

१. दोन प्रतिकृती कशासाठी?

ज्वालामुखीचे मुख्य प्रकार दोन. केंद्रीय ज्वालामुखीत शिलारस एका नळीवाटे वर येतो व तिच्या मुखाभोवती राख आणि लाव्हा साचून शंकू तयार होतो. भेगीय ज्वालामुखीत जमिनीस लांबच लांब भेगा पडतात आणि त्यांतून पातळ लाव्हा उतू जाऊन दूरवर पसरतो. येथे उंच शंकू होत नाही. सपाट थर होतो. त्यावर काही काळाने दुसरा थर, मग तिसरा. तव्यावर धिरडे पसरते तसा हा प्रकार आहे.

आपले दख्खनचे पठार प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराने बनले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे उद्रेक झाले व त्यांतील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. सह्याद्रीच्या बाजूस त्याची जाडी सुमारे २ किलोमीटरपर्यंत भरते; पूर्वेस नागपूरकडे ती बरीच कमी होते. १ सेंटिमीटरास १ किलोमीटर असे प्रमाण धरले, तर ७०० किलोमीटर रुंदीचा प्रदेश दाखविण्यास ७ मीटर लांबीचा कागद लागेल, आणि त्याची जाडी कोठेही २ सेंटिमीटरांहून फारशी अधिक असणार नाही. एवढ्या रुंद व चपट्या वस्तूस शंकू कसा म्हणावा?

तात्पर्य, तारकेश्वराच्या टेकडीस तोंड नव्हतेच. ती टेकडी म्हणजे थरांच्या मोठ्या चळतीचा, पाण्याने आजूबाजूचा भाग झिजवून नेल्यावर उरलेला तुकडा होय. पर्वतीची टेकडी, सिंहगड, पुरंदर, शिवनेरी ही सर्व याच चळतीची उरलेली रूपे आहेत. त्या मुलास मी हेच सांगावयास हवे होते.

२. पहिली प्रतिकृती : उभा छेद घेतलेला शंकू

साहित्य : जाड पुठ्ठा, सुमारे ४० सेंमी उंच रिकामे खोके, जुनी वर्तमानपत्रे, कणकेची खळ, वाटलेली मेथी, कोळशाची पूड, गेरू, हळद, चुना. खळीस कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी चाल आहे. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ते वापरू नये. खळ रोजच्या रोज ताजी शिजवावी.

कृती : (अ) दर्शनी बाजूसाठी पुठ्ठ्याचा समलंब चौकोन कापावा. त्याचा पाया ३६ सेंमी, माथा ६ सेंमी व उंची २० सेंमी असावी.

(आ) पाठीमागच्या अर्ध्या शंकूसाठी जाड कागदावर एकाच केंद्रातून ३० सेंमी व ५ सेंमी त्रिज्येचे दोन कंस काढावेत. केंद्राशी १०८ अंशांचा कोन घेऊन मधली पट्टी कापावी. चिकटविण्यासाठी दोन्ही सरळ कडांस दीड सेंमीची जादा पट्टी सोडावी. ही पट्टी वळवून दर्शनी पुठ्ठ्याच्या तिरप्या कडांस चिकटविली की अर्धा शंकू उभा राहतो. १८, २४ व ३० या बाजूंचा काटकोन त्रिकोण यात दडलेला आहे. गणिताच्या तासास त्याचा अवश्य उपयोग करावा.

(इ) कागदाचे तुकडे रात्रभर भिजत घालून कुटावेत व लगद्यात वाटलेली मेथी मिसळावी. आपल्या घरांतून जुन्या बायका टोपल्या लिंपण्यासाठी असाच लगदा करीत. तो शंकूच्या पाठीवर पातळ लिंपून सावलीत वाळवावा.

(ई) शंकू खोक्यावर बसवावा. शंकूची दर्शनी बाजू व खोक्याची पुढील बाजू एका रेषेत याव्यात. दोन्हींवर पांढरा कागद चिकटवून आता अंतर्भागाचे चित्र काढावे. शंकूत राखेचे व लाव्ह्याचे थर आलटून पालटून, दोन्ही उतारांस समांतर दाखवावेत. मधोमध नळी, तीस फुटलेली एखादी उपनळी आणि खाली खोक्यावर शिलारसाचा साठा काढावा.

येथे तीन दक्षता घ्याव्यात. पहिली प्रमाणाची. २० सेंमी उंची म्हणजे ३,००० मीटर मानल्यास १ सेंमी म्हणजे १५० मीटर होतात. ५ किलोमीटर खोल असलेला साठा शंकूच्या पायाखाली ३३ सेंमीवर काढावा लागेल. बहुतेक चित्रांत तो डोंगराच्या पोटातच काढलेला असतो, ते बरोबर नाही. खोके एवढे उंच घेतले ते यासाठीच. दुसरी उताराची. आपला शंकू पाहण्याच्या सोयीसाठी फार उभा केलेला आहे. खऱ्या शंकूचा उतार ३० अंशांच्या आसपास असतो, हे मुलांस स्पष्ट सांगावे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. साठा म्हणजे पेटत्या रसाने भरलेले टाके नव्हे. तो बव्हंशी भिजलेल्या रव्यासारखा, स्फटिक व रस यांचे मिश्रण असलेला असतो. त्याची नळी पृथ्वीच्या केंद्रापर्यंत जात नाही. पृथ्वीचे प्रावरण तप्त असले तरी प्रचंड दाबामुळे घन असते. जेथे दाब कमी होतो किंवा द्रावणांक उतरविणारे पाणी मिसळते तेथेच थोडा भाग वितळतो. "पृथ्वीच्या पोटात आग आहे" हे वाक्य पाठात येऊ देऊ नये.

या प्रकारचे भारतातील उदाहरण अंदमान समुद्रातील बॅरन बेटाचे द्यावे. तो भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी असून दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये त्याचा उद्रेक झाला व पुढेही अनेकदा झाला आहे. मेक्सिकोतील पारिकुतिनची गोष्टही मुलांस फार आवडते. २० फेब्रुवारी १९४३ रोजी एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात भेग पडली, आणि वर्षभरात तेथे ३०० मीटरांहून उंच शंकू उभा राहिला. १९५२ मध्ये तो शांत झाला.

३. दुसरी प्रतिकृती : दख्खनच्या थरांची चळत

ही प्रतिकृती आपली स्वतःची आहे. ती करण्यापूर्वी गावातील विहीर खणणाऱ्यांस किंवा खाणीतील कामगारांस वर्गात बोलवावे, अथवा मुलांनी त्यांच्याकडे जावे. जमिनीखाली काय काय लागते ते त्यांस पाठ असते. मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि मध्येच गेरूचा तांबडा पट्टा. हे शब्द म्हणजे लाव्ह्याच्या थराचे अचूक वर्णन होय. थराचा खालचा भाग सावकाश निवून घट्ट होतो, तो काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, तो मांजऱ्या. दोन उद्रेकांमधील काळात थराचा माथा हवापाण्याने कुजतो, आणि पुढचा तप्त थर त्यावर पसरला की भाजून निघतो, तो गेरू. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्यातील क्षार साचून पांढऱ्या गारा तयार होतात. येरवड्याहून नगर रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या वाघोलीच्या खाणींत अशा पोकळ्यांत सापडणारे कॅव्हन्साइट हे निळे खनिज जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवले जाते.

साहित्य : ४० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद व ६ सेंमी उंच असे पालथे खोके, वर्तमानपत्रे, सामानाच्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा, काळा जाड कागद, खळ, कोळसा, गेरू, चुना.

कृती : एक थर असा करावा. वर्तमानपत्रांच्या घड्या एकीवर एक चिकटवून, वर वजन ठेवून १ सेंमी जाडीची पाटी वाळवावी व तिच्या कडांस कोळशाचा रंग द्यावा. हा काळा पाषाण. तीवर अर्धा सेंमी जाडीचा नालीदार पुठ्ठा चिकटवावा. त्याच्या कडेची भोके हा मांजऱ्या. काही भोकांत चुन्याचे बोळे भरावेत, त्या गारा. सर्वांत वर गेरूने रंगविलेला कागद लावावा. अशा रीतीने दीड सेंमी जाडीचे सहा थर करावेत. त्यांची रुंदी २५ सेंमी असावी. लांबी सर्वांची ४० सेंमी, परंतु तीत तुकडे पाडावयाचे ते असे :

पहिला थर : १०, १०, १० व १० सेंमी.
दुसरा थर : २०, १०, ८.५ व सुटा तुकडा १.५ सेंमी.
तिसरा थर : २०, १०, ७ व सुटा तुकडा ३ सेंमी.
चौथा थर : ३०, ५.५ व सुटा तुकडा ४.५ सेंमी.
पाचवा थर : ३०, ४ व सुटा तुकडा ६ सेंमी.
सहावा थर : ३२.५ व सुटा तुकडा ७.५ सेंमी.

सुटे तुकडे उजव्या टोकास नुसते ठेवावयाचे, चिकटवावयाचे नाहीत.

आता पालथ्या खोक्यावर डावीकडून १०, २० व ३० सेंमीवर आडव्या चिरा पाडाव्यात. या आपल्या भेगा. काळ्या कागदाच्या २५ सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या घ्याव्यात. त्यांची उंची अनुक्रमे ९.५, १२.५ व १५.५ सेंमी असावी. पहिली पट्टी पहिल्या चिरेतून वर घेऊन पहिल्या थराच्या सांध्यातून बाहेर काढावी. वर उरलेल्या २ सेंमी भागास मध्यावर छेद देऊन अर्धा भाग डावीकडे व अर्धा उजवीकडे दुमडावा आणि त्यावर दुसरा थर ठेवावा. दुसरा थर त्या भेगेतून आला, हे मुलांस आपोआप दिसते. दुसरी पट्टी तीन थर भेदून चौथ्याखाली पसरेल, तिसरी पाच थर भेदून सहाव्याखाली. पहिला, तिसरा व पाचवा थर आपल्या तुकड्याबाहेरच्या दूरच्या भेगांतून वाहत आले असे समजावे. निसर्गातही पुष्कळदा तसेच घडले आहे. भेगांत गोठलेला लाव्हा म्हणजे भित्ती होय. तापीच्या खोऱ्यात, धुळे-नंदुरबारकडे अशा भित्ती जमिनीतून वर आलेल्या काळ्या तटांसारख्या मैलोगणती दिसतात.

हे काम एका दिवसात उरकू नये. रोज एक थर चढवावा. दोन थरांच्या दरम्यान मुलांनी गेरूच्या कागदावर लहान झुडपे, तळे, बेडूक यांची कागदी चित्रे ठेवावीत. ही कल्पनेची भरारी नव्हे. मुंबईस वरळी येथे अशाच दोन थरांमधील गाळात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. दुसऱ्या दिवशी त्या चित्रांवर पुढचा थर चढतो तेव्हा वर्ग क्षणभर स्तब्ध होतो, असा माझा अनुभव आहे.

४. नदीचे काम

सहा थर पुरे झाल्यावर चळत चौरस दिसते. आता उजवीकडील सुटे तुकडे वरून एक एक करून मुलांच्या हातून काढावेत व प्रत्येक वेळी म्हणावयास लावावे, "हे नदीने नेले." सर्व तुकडे निघाले की पायऱ्या दिसतात. खंडाळ्याच्या घाटातून किंवा माळशेजातून गेलेला मुलगा त्या तत्काळ ओळखतो. या खडकास 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेला आहे. येरवड्यास बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली मुळा-मुठेच्या पात्रात जे काळे खडक उघडे पडतात ती खालची पायरी आणि तारकेश्वराची टेकडी ही वरची, असे मी आता मुलांस दाखवितो.

५. पाठातील प्रश्न

पुढील प्रश्न प्रतिकृतीसमोर उभे करून विचारावेत. उत्तरे सांगू नयेत, शोधू द्यावीत.

(१) तिसरा थर जुना की दुसरी भित्ती? (जी वस्तू दुसरीस भेदून जाते ती नंतरची, हा नियम मुलांनी स्वतः काढावा.)
(२) विहिरीस पाणी काळ्या पाषाणात लागेल की मांजऱ्यात? का? (घट्ट पाषाणातही जेथे चिरा असतात तेथे पाणी मिळते, हे शेवटी सांगावे.)
(३) कोरीव लेण्यांसाठी कारागिरांनी कसा थर निवडला असेल? (भाजे, कार्ले व पुण्यातील पाताळेश्वर ही लेणी याच खडकात आहेत. शक्य तेथे सहल न्यावी.)
(४) आपल्या शेतातील काळी माती कोठून आली?

लाव्हा पातळ असेल तर काय होते व दाट असेल तर काय होते, हे दाखविण्यासाठी तिरप्या पाटावर एकीकडे धिरड्याचे सैल पीठ व दुसरीकडे घट्ट काकवी ओतावी. एवढा प्रयोग पुरेसा आहे. कागदी प्रतिकृतीत कापूर, दारूकाम किंवा अमोनियम डायक्रोमेटची नारिंगी पूड जाळून 'उद्रेक' दाखविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आगीचे भय आहेच. शिवाय ती पूड व तिची राख विषारी आहे.

६. दोन सावधगिरीच्या सूचना

लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे मुख आहे असे जुन्या पुस्तकांत आढळते. ते मत आता मागे पडले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा उल्केच्या आघाताने झाला, हे १९७० नंतरच्या दशकातील संशोधनाने निश्चित झाले. बेसॉल्टमधील खळगा म्हणजे ज्वालामुखीचे तोंड, हे समीकरण किती फसवे आहे याचे ते उत्तम उदाहरण होय.

दुसरी सूचना भीतीविषयी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप व १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे दोन्ही याच काळ्या खडकाच्या प्रदेशात झाले, परंतु त्यांचा ज्वालामुखीशी काही संबंध नाही. भूकवचातील खडक ताणाखाली सरकल्याने ते झाले. दख्खनचे उद्रेक ज्या उष्ण स्थानामुळे झाले असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, ते आज हिंदी महासागरात रेयुनियन बेटाखाली आहे. आपली भूमी त्याच्यापासून उत्तरेकडे केव्हाच सरकली. तेथील ज्वालामुखी आजही जागृत आहे. आपल्या टेकड्या मात्र निवलेल्या आहेत. भेगीय उद्रेक सौम्य असतो असेही समजू नये. ८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली, आठ महिने लाव्हा वाहिला, आणि विषारी वायूने कुरणे व गुरे नष्ट होऊन जो दुष्काळ पडला त्यात त्या देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या बळी पडली. दख्खनचे उद्रेक त्याहून कितीतरी मोठे होते. मुलांस हे सांगावे, परंतु ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहे हेही त्याच दमात सांगावे.

त्या वडाराच्या मुलास मी पुढे दुसऱ्या प्रतिकृतीचा पहिला थर ठेवावयास लावले. त्याने घरून आणलेली गार त्यात स्वतःच्या हाताने बसविली व वर्गास सांगितले, "आमचे वडील हाच दगड फोडतात. याला तोंड नसतं, याला थर असतात." माझी चूक त्याने सुधारली. ज्याचे उत्तर आपणास ठाऊक नाही असा प्रश्न आला असता "आपण मिळून शोधू" असे म्हणावे. त्याने शिक्षकाची प्रतिष्ठा उणावत नाही. आपापल्या गावची टेकडी, विहीर व ओढा यांचे निरीक्षण करून शिक्षकबंधु-भगिनींनी ही प्रतिकृती करवून घ्यावी, आणि थरांची संख्या व जाडी आपल्या गावच्या विहिरीप्रमाणे ठेवावी, अशी विनंती आहे.